बैल आधी कुठला पाय उचलतो?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दोन आठवड्यांपूर्वी आपल्या वाचकांच्या पत्रांत एका पालकांची तक्रार वाचली. मुलाच्या शाळेत चित्रकलेच्या तासाला मोबाइल समोर ठेवून मुलं मातीच्या बाहुल्या सरकवत बसतात, एका तासात तीन सेकंदांचंही कार्टून होत नाही, आणि असली कार्टून्स आता एआय मिनिटभरात करून देतं. तेव्हा तो तास गणिताला द्यावा, असं त्यांचं म्हणणं होतं. शाळेचं नाव त्यांनी लिहिलं नव्हतं. आमची शाळा असेल किंवा नसेलही. पण मी सिन्नर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत २४ वर्षं चित्रकला शिकवते आणि त्यातली दहा-अकरा वर्षं मुलांकडून हेच काम करून घेते. त्यामुळे ते पत्र मला माझ्याच नावाने आल्यासारखं वाटलं. मी रागाने लिहीत नाही. त्या पालकांची काळजी खरी आहे. वर्गात नेमकं काय चालतं ते त्यांना कोणी बसून सांगितलेलं दिसत नाही, तेवढं सांगते.

स्टॉप मोशन म्हणजे वस्तू जराशी हलवायची, फोटो काढायचा, पुन्हा जराशी हलवायची, पुन्हा फोटो. सिनेमात सेकंदाला २४ चित्रं डोळ्यांपुढून जातात. आम्ही प्रत्येक फोटो दोनदा वापरतो, म्हणजे सेकंदाला १२ फोटोंवर भागतं. तास ३५ मिनिटांचा. मांडामांड आणि आवराआवर वजा जाता चार मुलांच्या गटाचे ३०-३५ फोटो होतात. म्हणजे पालकांचा हिशोब अगदी बरोबर आहे, तीन सेकंदांच्या आतच आम्ही असतो. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या आर्डमन स्टुडिओत वर्षानुवर्षं हेच करणारी माणसंसुद्धा दिवसाकाठी काही सेकंदच पुरी करतात. काम हळूच होतं. त्या हळू चालणाऱ्या तासात मुलांचं डोकं आणि डोळे कुठे असतात, ते एका बैलाच्या गोष्टीवरून सांगते.

तीन वर्षांपूर्वी पोळ्याच्या आधी आठवीच्या चार मुलांनी ठरवलं की बैलाची फिल्म करायची. पोळ्याला घरोघरी पूजेला मातीचे बैल आणतात, तसाच एक, फक्त तो चालला पाहिजे. बैल देखणा झाला. वशिंड, शिंगं, गळ्यात लोकरीचा गोंडा, कपाळाला गुलाल. पोटात तारेचा सांगाडा. पहिल्या शनिवारी ४० फोटो काढले, लावून पाहिले, आणि चौघांचे चेहरे पडले. बैल पुढे जात होता पण बैल वाटत नव्हता. पुढचे दोन्ही पाय एकदम, मग मागचे दोन्ही एकदम, सशाच्या उड्या चालल्या होत्या. मग त्यांनी तिरके पाय उचलले, पुढचा डावा आणि मागचा उजवा जोडीने. आता ती घोड्याची दुडकी चाल झाली.

मला सांगता येईना. माझं बालपण नाशिक शहरात गेलं. बैल मी कागदावर शेकडो वेळा काढला आहे, पण तो आधी कुठला पाय उचलतो हे मी कधी पाहिलंच नव्हतं. तसं मी वर्गात सांगितलं. तेव्हा शेवटच्या बाकावरचा एक मुलगा, जो वर्षभरात आपणहून चार वाक्यं बोलला नसेल, उभा राहून म्हणाला, "बाई, बघून सांगतो." त्यांच्या घरची जोडी आदल्या वर्षीच विकली होती. गावात आता सगळीकडे ट्रॅक्टर, बैल राहिलेत ते दोन-तीन घरांत. त्यातल्या एका गाडीच्या मागे तो रविवारी मळ्यापर्यंत चालत गेला आणि तसाच परत आला. सोमवारी वर्गात येऊन त्याने दप्तर ठेवलं आणि सरळ फरशीवर हात-पाय टेकून चालायला लागला. आधी मागचा डावा. मग त्याच अंगाचा पुढचा डावा. मग मागचा उजवा, मग पुढचा उजवा. "आणि बाई, मागचं खूर असं पुढं येतं की पुढच्या खुराचा ठसा असतो ना, त्याच्याजवळच पडतं." एरवी त्याला हसणारी पोरं त्याच्या मागे ओळीने फरशीवर चालायला लागली. चार मुलं आणि मी, आम्ही सगळ्यांनी त्या दिवशी बैलाची चाल आपल्या अंगातून काढून पाहिली.

एका पूर्ण चालीला, म्हणजे चारही पाय एकदा पडून होईपर्यंत, १६ फोटो लागले. एका पायाच्या वाट्याला चार. प्रत्येक पावलाला मान किंचित खाली-वर. खुरातून टाचण्या खालच्या पुठ्ठ्यात खोचायच्या, नाहीतर तीन पायांवर बैल उभा राहत नाही. फिल्म झाली ११ सेकंदांची, १३२ फोटो, तीन शनिवार. स्नेहसंमेलनात ती पडद्यावर दाखवली तेव्हा त्या मुलाचे आजोबा पुढच्या रांगेत बसले होते. टाळ्या वाजल्या. आजोबांनी नंतर नातवाला जवळ बोलावून सांगितलं, "चाल बरोबर आहे. पण हा मोकळा बैल आहे. गाडीला जुंपलेला असा चालत नाही. तो मान खाली घालतो, खांदा पुढं काढतो आणि पाऊल आखूड टाकतो." मुलांनी मागे गाडी जोडली होती, आणि बैलाला तिचं ओझंच लागत नव्हतं. ती फिल्म त्यांनी पुन्हा केली. मी सांगितलं म्हणून केली नाही. आजोबांचं म्हणणं त्यांना पटलं म्हणून केली.

मला वाटतं, मला जे सांगायचं आहे ते सगळं या बैलात आलं. पत्र लांबणार आहे आणि आपल्याला कात्री लावावी लागेल, ते मी समजू शकते. पण बैलाचा भाग कापू नये, ही विनंती.

मी स्वतः हे शिकले ते वयाच्या चाळिशीत. २०१३ च्या मे महिन्यात पुण्यात कलाशिक्षकांसाठी चार दिवसांचं शिबिर होतं, तिथे गेले. पहिल्या दिवशी मातीची एक बाई केली आणि तिला बादली उचलायला लावली. मला ती छान वाटली. शिकवणारे सर थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "तुम्ही तिला हलवताय. ती स्वतः हलत नाहीये." मला कळेना. त्यांनी मला बाहेर नेलं, नळाखाली एक बादली काठोकाठ भरली, शेजारी एक रिकामी ठेवली आणि दोन्ही आळीपाळीने उचलायला सांगितल्या. रिकामी उचलताना आधी हात हलतो. भरलेली उचलताना हात हलायच्या आधीच अंग हलतं. पाय फाकतात, कंबर पलीकडे झुकते, मोकळा हात आपोआप बाहेर जातो, आणि बादली सुटायच्या आधी एक क्षण असा असतो की काहीच हलत नाही, फक्त जोर लागत असतो. तो क्षण फोटोत धरायचा. बाहुलीच्या बादलीत पाणी नसतंच. पाणी आहे हे त्या झुकण्यावरून कळतं.

तेव्हापासून माझ्या वर्गात प्रत्येक फिल्मच्या आधी मुलं ते काम स्वतः करतात. हंडा उचलायचा तर हंडा आणतात. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर येतो, त्यामुळे डोक्यावर हंडा घेऊन चालणं मुलींना शिकवावं लागत नाही. मान स्थिर, हेलकावा सगळा कमरेत. सातवीच्या एका मुलीने हंडा घेतलेली बाई अशी चालवली की मुख्याध्यापक बघता बघता म्हणाले, ही कुठल्या वस्तीवरची, हिला मी ओळखतो.

शिबिरातून आले आणि शाळेत सुरुवात केली तेव्हा जे जे चुकायचं ते चुकलं. पहिली फिल्म मी खिडकीजवळ मांडली, उजेड चांगला म्हणून. तीनशे फोटो काढले. लावून बघते तर दोन तासांत ऊन सरकलेलं. बाहुलीची सावली डावीकडून उजवीकडे पळते आहे आणि कॅमेरा प्रत्येक फोटोला आपल्या मर्जीने उजेड कमी-जास्त करतो आहे. सगळी फिल्म लुकलुकत होती. ते तीनशे फोटो मी अजून ठेवले आहेत, दर वर्षी नव्या मुलांना दाखवते. मग खिडक्यांना जुन्या तक्त्यांचे काळे कागद लावले आणि ६० वॅटचे दोन पिवळे दिवे आणले. तर फिल्ममध्ये मध्येच अंधारून यायला लागलं. चार दिवसांनी कारण सापडलं. शाळेच्या भिंतीपलीकडे पिठाची गिरणी आहे, ती सुरू झाली की विजेचा दाब पडतो आणि दिवा मंदावतो. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. एलईडी दिवे लावले तेव्हा गिरणीचा त्रास संपला, पण स्वस्त एलईडीच्या फोटोंत आडवे पट्टे येऊ लागले. वीज सेकंदाला ५० फेऱ्या मारते, त्यामुळे असा दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. कॅमेऱ्याचं शटर सेकंदाच्या १/५० वर ठेवलं की दोन पूर्ण ठोके आत येतात आणि पट्टे जातात. हे आमच्या विज्ञानाच्या सरांनी फळ्यावर काढून समजावलं, आणि त्या दिवशी माझ्याइतकीच नववीची मुलंही कान देऊन ऐकत होती. फोनला उभं धरायला त्याच सरांनी प्रयोगशाळेतला लोखंडी स्टँड आणि चिमटा दिला. तो आजतागायत परत मागितलेला नाही.

मातीचीही तीच गत. शाडू आम्हाला सवयीचा, पण तो तासाभरात सुकायला लागतो आणि सांध्यात तडकतो. दुकानातली न सुकणारी माती पन्नास मुलांना पुरवणं शाळेला परवडत नाही. मग शाडूची कोरडी पूड, मेण आणि तेल यांचा गोळा आम्हीच करायला लागलो. पहिल्या वर्षी खोबरेल घातलं. सिन्नर-निफाडकडची थंडी वाचकांना माहीत आहे. डिसेंबरात खोबरेल गोठलं आणि बाहुल्यांचे हात वाकायच्या ऐवजी मोडायला लागले. मुलं सकाळी आल्यावर बाहुली स्वेटरच्या आत काखेत धरून ऊब द्यायची आणि मग कामाला लागायची. पुढच्या वर्षी एरंडेल वापरलं, तेव्हापासून ठीक चाललं आहे. सांगाड्याची तार मोटारी भरणाऱ्या दुकानातून मिळते. विहिरीच्या मोटारीतून काढलेली तांब्याची जुनी तार, तीन-चार पदर एकत्र पिळले की पन्नास-साठ वेळा वाकवली तरी तुटत नाही. दुकानदार पैसे घेत नाही. त्याची मुलगी आमच्याकडे सहावीत होती.

आता गणिताचं. पालकांनी नववीतल्या कुठल्याही मुलाला विचारून पाहावं, हातातून सोडलेला चेंडू खाली येताना कसा येतो. "वेग वाढत वाढत" असं तो म्हणेल, पुस्तकात तसं आहे. मग त्याला सांगावं, आता हा मातीचा चेंडू फोटो काढत काढत खाली आण. तो काय करतो? प्रत्येक फोटोला सारखं अंतर, दोन-दोन सेंटिमीटर. फिल्म लावली की चेंडू पडत नाही, फुग्यासारखा तरंगत उतरतो. मुलं गोंधळतात. मग मी पट्टी देते आणि पहिल्या फोटोला १ सेंटिमीटर, मग ३, मग ५, मग ७ असं ठेवायला सांगते. लावल्याबरोबर चेंडू धप्पकन पडतो. वर्गात दर वर्षी या जागी ओरडा होतो. पडणारी वस्तू सारख्या वेळात १, ३, ५, ७ या प्रमाणात अंतर कापते, हे गॅलिलिओने दाखवलं. मुलं बेरीज करतात, १, ४, ९, १६, आणि त्यातलं एखादं हळूच म्हणतं, "बाई, हे वर्ग आहेत." ते मी फळ्यावर लिहिलेलं नसतं. तास गणिताला द्यावा असं ज्यांना वाटतं त्यांनी हा एक तास येऊन बघावा.

आणि चित्रकलेचं, जो माझा खरा विषय. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना स्मरणचित्र असतं. आठवडी बाजार, जत्रा, बसस्थानक. मी इतकी वर्षं मुलांना त्यासाठी तयार करते आहे, आणि मनात एक सल आहे. मुलं आकृत्या पाठ करतात. टोपलीवाली बाई एक, सायकलवाला माणूस एक, पाठमोरं मूल एक. सगळ्यांच्या चित्रांत तीच तिघं. टोपलीत काय आहे, जड आहे की हलकं, काही नाही. आपल्याकडे क्लासेसमध्येही हेच घोकून घेतात, श्रेणी मिळते, दहावीला जादा गुण मिळतात. स्टॉप मोशन करून आलेल्या मुलांची स्मरणचित्रं मी वेगळी ओळखू शकते. त्यांच्या बाजारात कांद्याची गोणी उचलणारा माणूस वाकलेला असतो आणि गोणी घेऊन टेम्पोजवळ उभा असलेला मागे कललेला असतो. कोणी तरी एका पायावर भार देऊन उभं असतं. हे मी शिकवत नाही. महिनाभर एका बाहुलीचा तोल सांभाळला की हाताला ते कळतं.

मुलांना मी दादासाहेब फाळक्यांची गोष्ट नेहमी सांगते, कारण ती आमच्या जिल्ह्यातली आहे. फाळके १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरला जन्मले. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, तिथे शाळांच्या सहली जातात. त्यांनी १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' केला हे मुलांना ठाऊक असतं. त्याच्या आधी त्यांनी काय केलं हे ठाऊक नसतं. लंडनहून कॅमेरा आला होता आणि सिनेमाला पैसे लावायला कोणी तयार नव्हतं. तेव्हा फाळक्यांनी एका कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा उभा केला आणि महिन्याहून जास्त काळ रोज थोडं थोडं चित्रण केलं. हाती लागली जेमतेम मिनिटभराची फिल्म. त्यात बी फुटून बघता बघता वेल वर चढत होता. ती पाहिल्यावर कर्ज द्यायला माणूस मिळाला. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई अंधारात बसून कोऱ्या फिल्मला भोकं पाडत, तेही मी मुलींना आवर्जून सांगते. पुढे १९१५ मध्ये फाळक्यांनी 'आगकाड्यांची मौज' केली. त्यात काड्याच हलत होत्या, म्हणजे आम्ही करतो तेच काम.

दोन्हींतला फरक मुलांना हाताने करून कळतो. पहिल्या महिन्यात आम्ही वाटीत मटकी भिजवतो आणि तासातासाने फोटो काढतो. तिथे मोड आपला आपण वाढतो, आपण फक्त वाट पाहायची. दुसऱ्या महिन्यात काड्या. त्या आपण हलवल्या तरच हलतात. गूल आधी ओल्या फडक्याने पुसून टाकायचं, हा वर्गाचा पहिला नियम. काडीला ना तोंड ना हात. ती घाबरली आहे की रुसली आहे हे नुसत्या कलण्यावरून आणि थांबण्यावरून दाखवायचं. काडीला रुसवता आलं की मुलाला मी बाहुली देते.

इथे एक गोष्ट लिहिणं मला जड जातं, पण लिहिते. माझा एक विद्यार्थी, त्याच्यासारखा हात मी पुन्हा पाहिला नाही. बारावीनंतर तो अ‍ॅनिमेशनच्या एका खासगी क्लासला गेला. वडिलांनी पतसंस्थेचं कर्ज काढून फी भरली. दीड वर्षाने प्रमाणपत्र घेऊन आला. सॉफ्टवेअरमध्ये काय कुठे आहे ते सगळं तोंडपाठ. मी विचारलं, तुला कोणी उठून चालून दाखवायला सांगितलं का? भरलेली बादली उचलायला सांगितली का? त्याने मान हलवली. एकदाही नाही. नोकरीसाठी मुंबईला गेला तेव्हा त्याच्याकडे दाखवायला स्वतःचं असं दहा सेकंदांचंही काम नव्हतं. अहमदाबादच्या एनआयडीत, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेत अ‍ॅनिमेशन शिकवतात, पदवीनंतर मुंबईच्या आयआयटीतल्या आयडीसी या डिझाइन विभागातही शिकता येतं, त्यांच्या प्रवेशपरीक्षा असतात आणि तिथे हात आणि निरीक्षण बघतात, हे मी त्याला वेळेवर सांगायला हवं होतं. मला तेव्हा ते माहीत नव्हतं. वडिलांचं कर्ज फिटायला चार वर्षं लागली. आज तो बसस्थानकाजवळ फ्लेक्सचं दुकान चालवतो आणि शनिवारी सकाळी शटर उशिरा उघडून आमच्या वर्गात येतो. मुलांना बाहुलीचे ओठ बदलायला तोच शिकवतो. 'आ', 'ई', 'ओ' आणि मिटलेलं तोंड, असे मातीचे चार जोड करून ठेवायचे आणि बोलण्याप्रमाणे चिकटवायचे. मुलं त्याला दादा म्हणतात. ज्या पालकांना वाटतं की अ‍ॅनिमेशन म्हणजे आधी महागडा संगणक, मग महागडा क्लास, त्यांनी कर्ज काढायच्या आधी त्याला भेटावं. तो कोणालाही मोकळेपणाने सांगतो.

मोबाइलची भीती मला समजते. माझ्याही घरात मुलं आहेत. आमच्या वर्गातले चार फोन लोकांनी बदलताना दिलेले जुने आहेत. त्यात सिमकार्ड नाही, इंटरनेट नाही, फक्त स्टॉप मोशन स्टुडिओचं फुकट मिळणारं अ‍ॅप आहे. आधीचा फोटो पुसट दिसतो, त्यावरून बाहुली किती सरकली ते कळतं. फोनला हात लावायचाच नाही, हात लागला की कॅमेरा हलतो आणि सगळा सेट उडी मारल्यासारखा दिसतो. म्हणून फोटो इअरफोनच्या बटणाने काढायचा. तासभर मोबाइलसमोर बसून त्याला हात न लावणारी मुलं मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाहीत.

एआयबद्दल मला थोडंच बोलायचं आहे. गेल्या वर्षी त्याच बैलवाल्या मुलाने कोणाच्या तरी फोनवर बैलगाडीचा तसा एक व्हिडिओ आणून मला दाखवला. लांबून झकास होता. तो म्हणाला, "बाई, मागचा पाय बघा." मागचा डावा पाय दोन पावलं सलग टाकत होता. आणि खटारा भरलेला असून बैलाच्या मानेवर काही ओढ नव्हती. वर्गातल्या बाकीच्यांना ते दिसलं नाही, याला पहिल्या फटक्यात दिसलं. ते मशीन उद्या सुधारेल. पण चुकलंय हे सांगायला बैल पाहिलेला माणूस लागणारच, आणि तो मला माझ्या वर्गात घडवायचा आहे.

शाळांकडे आणि शिक्षण विभागाकडे मागणं मोठं नाही. चित्रकलेच्या आठवड्यातल्या दोन तासिका सलग द्याव्यात. ३५ मिनिटांत मांडायचं आणि मोडायचं यात अर्धा वेळ जातो. आणि वर्गाचा एक कोपरा असा द्यावा की तिथला सेट आठवडाभर कोणी हलवणार नाही. दोन वर्षांपूर्वी एका सराव परीक्षेसाठी आमचा हॉल घेतला आणि बाकं हलवताना मुलांचा महिन्याचा सेट कोणीतरी कपाटावर उचलून ठेवला. बाहुल्या शाबूत होत्या, पण कुठली कुठे उभी होती ते गेलं. ८६ फोटोंवर ती फिल्म थांबली. त्या गटातली मुलगी रडली नाही, नुसती कपाटाकडे बघत राहिली. मला ते आजही डोळ्यांपुढून जात नाही.

पत्र लिहिणाऱ्या पालकांना माझं आग्रहाचं बोलावणं आहे. शाळा कुठलीही असो, सिन्नर तालुक्यातल्या आमच्या वर्गात या. सध्या नववीची एक मुलगी टेंभुर्णीच्या पानाची फिल्म करते आहे. तिची आई विड्या वळते. सिन्नरला हे सांगायला नको, कित्येक घरं यावरच उभी राहिली. फिल्ममध्ये पान आपलं आपण सरळ होतं, फर्म्याच्या मापाचं कापलं जातं, तंबाखू अंगावर घेतं, गुंडाळी होते आणि सूत येऊन त्याला बांधतं. माणसाचा हात एकदाही दिसत नाही. दिसत नसला तरी तो कळला पाहिजे, असं तिचं म्हणणं आहे. म्हणून ती दोन रविवार आईच्या हातांचे नुसते फोटो काढत होती. अंगठा कधी आत वळतो, करंगळी कुठे थांबते. अडचण पानाची आहे. विडी वळायला पान भिजवून मऊ करतात, आणि दिव्याखाली ते दहा फोटोंत सुकून कडा वर यायला लागतात. फडक्याने ओलं केलं तर रंग गडद होतो आणि तो फोटोत दिसतो. गेल्या शनिवारी आईने घरून सांगून पाठवलं, "पान बदलत जा, एकाच मापाची वीस कापून ओल्या गोणपाटात ठेव." आता तसं करून बघतो आहोत.

शनिवारी शाळा सकाळची असते. साडेआठला या, दोन तास काढून या. एक विनंती आहे, पांढरा सदरा घालू नका. दिव्याचा उजेड त्यावरून उडून पानावर पडतो आणि फोटोत फरक येतो. आमची मुलंही त्या दिवशी गणवेशावर काळा टी-शर्ट घालतात. तुम्हाला एक पान हलवायला देऊ.

आपली विश्वासू,
एक कलाशिक्षिका
ता. सिन्नर, जि. नाशिक